मनी प्लांटची वेल आठ फूट, पण कुंडीच्या तोंडाशी एकही पान नाही

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. सुदामा नगरातल्या तुमच्या हॉलमध्ये छताच्या हुकाला मनी प्लांटची कुंडी टांगलेली आहे. झाड चार वर्षांचं. वेली आठ-आठ फूट खाली आल्यात, पण कुंडीजवळ नुसत्या काड्या उरल्यात. पानं आहेत ती शेवटच्या दोन-तीन फुटांत, आणि तीही पूर्वीच्या निम्म्यानं. रोज सकाळी ग्लासभर पाणी घालता, पंधरा दिवसांनी खत देता, तरी आठवड्याला एक-दोन पानं पिवळी होऊन गळतातच. सासूबाई म्हणतात, मनी प्लांट कापू नये. घरात दीड वर्षाचं मूल आहे. शेजारच्या हुकांसाठी होया नावाची जाड पानांची वेल आणि मोत्यांच्या माळेसारखी दिसणारी वेल नुकतीच आणली आहे. आणि तुमचा प्रश्न आहे, खत कोणतं घालू?

खताचं मी नंतर सांगते, कारण तुमच्या झाडाला आज कोणतंही खत घातलं तरी कुंडीच्या तोंडाशी पान येणार नाही. गेली एकोणीस वर्षं मी इंदुरात लोकांच्या घरांतल्या, दवाखान्यांतल्या, दुकानांतल्या कुंड्या सांभाळते. वरून उघडी पडलेली टांगती वेल हे त्यातलं सगळ्यात नेहमीचं दुखणं. तुमच्याकडे खरं तर दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत. वेल वरून उघडी पडली ती उजेडामुळे, आणि पानं पिवळी पडतात ती पाण्यामुळे. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे, तो पुढे येईलच.

आधी उजेड. एक साधी गोष्ट करून बघा. स्टुलावर चढा आणि तुमचे डोळे कुंडीच्या काठाच्या उंचीवर आणा. तिथून खिडकीतलं आकाश दिसतं का? बहुतेक नाही दिसणार. आपल्याकडे फ्लॅटची उंची साधारण दहा फूट, खिडकीचा वरचा काठ सातवर. हुकाला दोन फुटांची साखळी असेल तर कुंडीचं तोंड आठ फुटांवर येतं, म्हणजे खिडकीच्याही वर. आकाशातून येणारा उजेड तिरका खाली उतरतो. खिडकीच्या वरची भिंत आणि छत यांच्यामधला पट्टा हा खोलीतला सगळ्यात अंधारा भाग असतो. आपण नेमकं झाडाचं डोकं त्या अंधारात ठेवतो आणि शेपूट उजेडात सोडतो. मग पानं शेपटाला राहतात, यात झाडाची काही चूक नाही.

डोळ्यांना हा अंधार कळत नाही, म्हणून फसायला होतं. डोळ्यातली बाहुली मोठी होते आणि खोली आपल्याला उजळच वाटते. लक्स हे उजेडाचं माप. बाहेर भर उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो, चांगल्या खिडकीच्या ओट्यावर काही हजार, आणि रात्री ट्यूबलाइट लावलेल्या हॉलमध्ये शंभर-दोनशे. फोनवर उजेड मोजायची ॲप्स मिळतात. ती अचूक नसतात, पण दोन जागांची तुलना करायला पुरतात. कुंडीच्या काठाशी आणि वेलीच्या टोकाशी एकदा मोजून बघा, आकडाच सगळं सांगेल. फोन नको असेल तर दुपारी कुंडीच्या तोंडावर हात धरा. हाताची सावली ओळखू येण्याइतकी पडली तर उजेड पुरेसा. पडलीच नाही तर झाड जगेल, पण वाढणार नाही.

आता पानं लहान का झाली? आपण हिला लोंबणारी वेल समजतो, पण ही मुळात लोंबणारी नाहीच, चढणारी आहे. तिचं मूळ गाव प्रशांत महासागरातलं मोऑरिया बेट. तिथून ती जगभर पसरली. झाडाच्या खोडाला हवाई मुळांनी धरून ती साठ फुटांच्याही वर जाते आणि वर गेल्यावर तिचं पान तीन फुटांपर्यंत लांब होऊ शकतं, कडेला फाटलेलं, जाड. मुंबईत, कोकणात जुन्या झाडांवर अशी मोठी पानं तुम्ही नक्की पाहिली असतील आणि हा कुठला तरी वेगळा वेल असं वाटलं असेल. तोच आपला मनी प्लांट. आधार मिळाला, मुळं काहीतरी धरू लागली, की पुढचं प्रत्येक पान मागच्यापेक्षा थोडं मोठं येतं. आधार सुटून वेल खाली लोंबायला लागली, की उलटं होतं. पान लहान होत जातं आणि दोन गाठींमधलं कांडं लांब होतं. झाड त्या वेळी पानावर खर्च करत नाही, लांबीवर करतं, कारण त्याला पुढचा आधार शोधायचा असतो. तुमच्या वेली चार वर्षं आधार शोधत खाली येताहेत.

आपल्याकडे घराघरांत सांगतात की मनी प्लांटची वेल खाली लोंबू देऊ नये, वर चढवावी. त्यामागचं शुभ-अशुभ ज्याच्या त्याच्या श्रद्धेचं. पण वनस्पतीच्या बाजूनं बघितलं तर सल्ला अगदी बरोबर आहे. मोठी, डौलदार पानं हवी असतील तर वेल चढवावी. टांगती शोभा हवी असेल तर पान लहान राहणार हे मान्य करून ती आखूड आणि दाट ठेवावी. आठ फूट लांबही आणि भरगच्चही, असं लोंबत्या मनी प्लांटमध्ये मी कुठल्याच घरात पाहिलं नाही.

आणखी एक गोष्ट लोकांना सांगावी लागते. ज्या गाठीवरचं पान गळलं, त्या गाठीला तेच पान पुन्हा येत नाही. तिथे एक झोपलेला डोळा असतो, तो जागा झाला तर फुटवा निघतो आणि त्या फुटव्याला नवी पानं येतात. डोळा झोपलेला का राहतो? वेलीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते शेंड्याकडून मुळाच्या दिशेनं येतं आणि मागच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा जिवंत आणि वाढता आहे तोवर मागचे डोळे सहसा उठत नाहीत. म्हणून खतानं काय होतं, तर जोर शेंड्यालाच मिळतो. तुमची वेल आठाची नऊ फूट होईल आणि वरची काडी तशीच राहील.

रामबागेत एका जुन्या वाड्यात मी हे फार ठळक पाहिलं. आजींनी सुतळी आणि खिळे लावून वेल हॉलच्या भिंतींवरून पूर्ण गोल फिरवली होती, कुंडीपासून दारापर्यंत आणि दारापासून परत. जवळपास तीस फूट. लांबून सुंदर दिसायची. जवळ जाऊन मोजलं तर पानं फक्त खिडकीसमोरच्या सहा-सात फुटांत होती, बाकी सगळी सुतळीला बांधलेली काडी. कुंडी होती कोपऱ्यात, कपाटाच्या वर. आम्ही कुंडी उचलून खिडकीच्या ओट्यावर आणली आणि वेलीचा तो पानांचा भाग कापून त्याच कुंडीत लावला. त्या वर्षी दिवाळीला आजींनी ती कुंडी पाहुण्यांसमोर मधल्या टेबलावर ठेवली होती.

आता पिवळी पानं. महिन्या-दोन महिन्यांतून मुळाजवळचं एखादं जुनं पान पिवळं होऊन गळणं अगदी नैसर्गिक. दर आठवड्याला एक-दोन म्हणजे मात्र मुळांना काहीतरी होतंय. इथेच दोन्ही दुखणी जोडली जातात. झाड पाणी ओढतं ते मुख्यतः पानांमधून वाफ होऊन जातं म्हणून. पानं कमी झाली की पाणी ओढणंही कमी होतं. तुमच्या झाडावर पानं उरलीत मूठभर, आणि पाणी चार वर्षांपूर्वीइतकंच, रोज ग्लासभर. माती सतत ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजायला लागतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही म्हणून पानं मलूल होतात, आणि मलूल पान बघून आपण आणखी पाणी घालतो. घरातल्या कुंड्या तहानेनं मरतात त्यापेक्षा कितीतरी जास्त अशा मरतात.

त्यात आपली माळव्याची काळी माती. कापसाला, सोयाबीनला ही माती सोनं आहे, पण घरातल्या कुंडीत ती घात करते. भिजली की फुगते आणि दिवसेंदिवस ओली राहते, सुकली की आकसते. कुंडीत आकसली की कडेपासून सुटते. मग तुम्ही घातलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली येतं, आपल्याला वाटतं निचरा छान आहे, आणि मधला गोळा तसाच कोरडा. म्हणजे एकाच मातीत मुळं एकदा गुदमरतात, एकदा तहानतात. तुमच्या कुंडीत कुठली माती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. नर्सरीतून आणलेल्या झाडाच्या मुळांभोवती बहुतेक कोकोपीटचा (नारळाच्या शेंडीच्या भुग्याचा) किंवा चिकण मातीचा घट्ट गोळा असतो. मोठ्या कुंडीत बदलताना त्याभोवती अंगणातली काळी माती भरली असेल तर पिवळ्या पानांचं निम्मं कारण तिथेच सापडेल.

टांगत्या कुंडीची आणखी एक गंमत नसलेली गोष्ट म्हणजे तिला खालून चिकटवलेली प्लास्टिकची थाळी. ती आठ फुटांवर असल्यामुळे आपल्याला दिसत नाही, आणि तिच्यात पाणी साचून राहतं. थाळी काढून बघा. वास आला तर समजा मुळं कुजली आहेत.

मग पाणी किती? याचं एक उत्तर नाही, आणि जो आकडा सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कुंडी मातीची की प्लास्टिकची, खोलीत एसी चालतो की कूलर, खिडकी कुठल्या दिशेला, झाडावर पानं किती, यावर सगळं ठरतं. मी स्वतः बांबूची बारीक काडी कुंडीत खोलवर खुपसते आणि पाच मिनिटांनी काढते. ओलसर माती चिकटून आली तर पाणी नाही, काडी कोरडी आली तर घालायचं. घालायचं तेव्हा भरपूर, खालून निथळेपर्यंत, आणि मग थांबायचं. रोज थोडं-थोडं कधीच नाही. दुसरी सवय कुंडी उचलून वजन बघायची. दोन आठवड्यांत हाताला ओली आणि सुकी कुंडी कळायला लागते.

माझ्या अनुभवातला अंदाज हवाच असेल तर असा. एप्रिल-मे महिन्यांत, दुपारी लू, म्हणजे गरम वारा चालतो आणि घरात कूलर, तेव्हा तीन-चार दिवसांनी. पावसाळ्यात हवा दमट आणि आभाळ भरलेलं, तेव्हा सात-आठ दिवसांनी. पावसाळ्यातच सगळ्यात जास्त झाडं कुजतात, कारण उन्हाळ्याची पाण्याची सवय आपण जुलैत मोडत नाही. डिसेंबर-जानेवारीत, इंदूरची रात्र आठ-दहा अंशांवर येते तेव्हा, बारा-पंधरा दिवसांनी एकदा पुरतं. पंधरा अंशांच्या खाली ही वेल जवळजवळ थांबते आणि दहाच्या खाली पानांना इजा होते. थंडीत गॅलरीत राहिलेल्या कुंडीची पानं रातोरात काळी पडलेली मी पाहिली आहेत.

पाणी कोणतं, हेही महत्त्वाचं. नळाला येणारं नर्मदेचं पाणी चांगलं चालतं. ते बऱ्याच भागांत दिवसाआड येतं, म्हणून लोक झाडांना बोरिंगचं घालतात. आपल्या खडकातलं बोरिंगचं पाणी जड असतं. कुंडीच्या काठावर पांढरी पापुद्र्यासारखी खूण दिसली तर तो क्षार आहे. त्यानं पानाची टोकं तपकिरी होऊन वाळतात. त्याहून वाईट म्हणजे आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी. ते फेकायला जिवावर येतं हे मला समजतं, पण मूळ पाण्यातले सगळे क्षार त्यात गोळा झालेले असतात. त्यानं फरशी पुसा, संडास-बाथरूम धुवा, कुंडीत घालू नका. जड पाण्याला पर्याय नसेल तर पावसाळ्यात दोन-तीनदा कुंडी पावसात ठेवून पूर्ण निथळू द्या, साचलेला क्षार धुऊन जातो.

आता दिशेचं. इंदूर कर्कवृत्ताच्या जरासं दक्षिणेला आहे, ते वृत्त उज्जैनच्या थोडं उत्तरेकडून जातं. त्यामुळे जूनच्या भर दुपारी सूर्य आपल्या जवळजवळ डोक्यावर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही. तीच खिडकी डिसेंबरमध्ये खोलीच्या मध्यापर्यंत ऊन आणते. पूर्वेची खिडकी या वेलींना बारा महिने मानवते, सकाळचं कोवळं ऊन पानांवर पडलं तर फायदाच. पश्चिमेची खिडकी मार्चपासून पावसापर्यंत घातक. तिथे कुंडी दोन-तीन फूट आत घ्या किंवा पातळ पडदा लावा, नाहीतर पानावर भाजल्यासारखे फिके डाग पडतात आणि ते पुन्हा हिरवे होत नाहीत. उत्तरेची खिडकी चालते, पण कुंडी अगदी काचेजवळ हवी. तुमच्या झाडाच्या पानांवरचे पिवळे शिंतोडे कमी होऊन पान सरसकट हिरवं झालं असेल, तर तीही कमी उजेडाचीच खूण आहे. पिवळ्या-पांढऱ्या भागात हरितद्रव्य कमी असतं किंवा नसतंच, म्हणून ज्याच्या पानावर पांढरं जास्त त्या जातीला उजेडही जास्त लागतो. मार्बल जात अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून ती वाढत नाही म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात.

तर करायचं काय? पहिलं, कुंडी खाली घ्या. साखळी इतकी लांब करा की कुंडीचं तोंड खिडकीच्या मध्याच्या उंचीला येईल, आणि हुक खिडकीपासून तीन-चार फुटांपेक्षा लांब असेल तर हुकाचीच जागा बदला. पण कुंडी खाली आली की आठ फुटांच्या वेली जमिनीवर लोळतील, आणि तुमच्या घरात दीड वर्षाचं बाळ आहे. या वेलीच्या पानात आणि खोडात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मुलानं पान चावलं तर तोंडाची आग होते, ओठ-जीभ सुजू शकते, लाळ गळते. मांजर-कुत्र्यालाही तेच. जिवावर बेतणं विरळच, पण मुलाला त्रास फार होतो. असं कधी झालंच तर तोंड पुसून स्वच्छ करायचं, थंड पाणी किंवा दूध द्यायचं, आणि सूज किंवा श्वासाचा त्रास दिसला तर लगेच डॉक्टरकडे. म्हणून कुंडी खाली आणणं आणि वेल आखूड करणं या दोन्ही गोष्टी तुमच्याकडे एकाच दिवशी व्हायला हव्यात. वेलीचं टोक जमिनीपासून चार फुटांच्या खाली येऊ देऊ नका.

दुसरं, वेल. कापणं तुम्हाला मान्य असेल तर आता पावसाळा आहे, याच्यासारखा दुसरा काळ नाही. मी एकदा डिसेंबरात एका दवाखान्यातल्या चार कुंड्या एकदम छाटल्या होत्या. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट, मला वाटलं नव्या वर्षापर्यंत फुटतील. थंडीत डोळे उठले नाहीत, पानं नसल्यामुळे पाणी ओढलं गेलं नाही, आणि तिथला माणूस नेमानं पाणी घालत राहिला. दोन कुंड्या गेल्या. तेव्हापासून फेब्रुवारीच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंतच छाटते, आणि सगळ्या वेली एका दिवशी नाही, निम्म्या आज, निम्म्या तीन आठवड्यांनी. तुम्ही तोवर उरलेल्या वेली कुंडीवरच गुंडाळून ठेवा, म्हणजे बाळाच्या हाताला लागणार नाहीत.

कात्री स्पिरिटनं पुसून घ्या. कुंडीच्या काठापासून चार-पाच गाठी ठेवून, शेवटच्या गाठीच्या किंचित पुढे, शेंड्याच्या बाजूला कापा. तीन-चार आठवड्यांत कापलेल्या जागेजवळच्या एक-दोन गाठींचे डोळे फुगतील. कापलेल्या वेलीतल्या पानवाल्या भागाचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला एक पान आणि एक गाठ. गाठीजवळ तपकिरी टोचासारखं हवाई मूळ दिसतं, तेच पुढे पाण्यात वाढतं. गाठ नसलेल्या नुसत्या देठाला कधीकधी मुळं येतातसुद्धा, पण त्यातून वेल कधीच होत नाही. तुकडे पाण्यात ठेवा, गाठ बुडलेली, पान बाहेर. आठवड्याला पाणी बदला. या दिवसांत दोन-तीन आठवड्यांत मुळं दिसतात. ती दोन-तीन इंच झाली की मातीत लावा, त्याहून जास्त वाट बघू नका. पाण्यात वाढलेली मुळं नाजूक असतात, महिनोन्महिने पाण्यात राहिली की मातीत रुळायला कुरकुर करतात. लावल्यावर पहिले दहा-बारा दिवस माती ओलसर ठेवा, मग नेहमीच्या सवयीवर आणा.

मधल्या पानं नसलेल्या काड्याही टाकू नका. दोन-दोन गाठींचे तुकडे करून ओलसर कोकोपीटवर आडवे ठेवा, अर्धे दाबलेले. सगळे नाही फुटणार, आणि फुटायला महिना-दीड महिना जाईल, पण बरेच फुटतात. चोरून आणलेला मनी प्लांटच चांगला लागतो असं म्हणतात, त्याचं कारण मला हेच वाटतं. गाठीसकट तोडलेला कुठलाही तुकडा इतक्या सहज लागतो, की तो कसा आणला यानं फरक पडत नाही.

आणि सासूबाईंचा शब्द ठेवायचा असेल तर न कापताही हे जमतं. कुंडी खाली उतरवा. वेलीचं पानांचं टोक अलगद वर उचलून कुंडीच्या तोंडावर गोल गुंडाळा, गाठी मातीला टेकतील अशा. केसांच्या आकड्यांनी किंवा वाकवलेल्या तारेनं त्या गाठी दाबून ठेवा. मातीचा वरचा थर ओलसर राहिला की त्या गाठींनाच मुळं फुटतात आणि कुंडीचं तोंड पानांनी भरतं. याला कापण्यापेक्षा वेळ जास्त लागतो आणि मधली उघडी काडी बाजूला लोंबत राहते, ती मागे वळवून कुंडीत लपवावी लागते. पण आपल्या घरात चार माणसं एकाच झाडावर जीव लावून असतात. मोठ्यांचं मन मोडून सुंदर केलेली कुंडी घरात सुखानं राहत नाही, असं मी पाहिलं आहे.

माती बदलायची असेल तर हीच वेळ. मी दोन भाग भिजवून मोकळं केलेलं कोकोपीट, एक भाग जुनं, मातकट झालेलं खत आणि एक भाग जाड रेती किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके खडे) तगारीत मिसळते, मूठभर विटांचे बारीक तुकडे असले तर तेही. मिश्रण मुठीत दाबून सोडलं की सुटलं पाहिजे. कुंडी मोठी घेऊ नका. मुळं कमी झालेली असतील तर उलट लहान घ्या, मोठ्या कुंडीतली जास्तीची माती नुसती ओली राहते.

आता तुमचा मूळ प्रश्न, खत. नवे फुटवे दोन-तीन पानांचे होईपर्यंत काहीही नाही. त्यानंतर वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा मूठभर चांगलं कुजलेलं गांडूळखत किंवा घरचं कंपोस्ट पुरतं. द्रवखत वापरत असाल तर पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं. थंडीत बंद. कंपोस्टच्या बाबतीत तर आपण इंदूरकरांनी बाहेर बघायची गरजच नाही. 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी आपल्याच गावातल्या संशोधन संस्थेत काडीकचरा आणि शेण थराथरानं रचून, वेळोवेळी उलटवून खत करायची रीत बसवली. जगभर ती इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. ती संस्था म्हणजे आजचं कृषी महाविद्यालय. ओला कचरा वेगळा ठेवायची सवय तर आता आपल्या घराघरांत आहे, त्यातलीच भाजीची देठं-सालं छोट्या डब्यात कुजवा. पण खत पूर्ण काळं, मोकळं आणि पावसाच्या मातीसारख्या वासाचं झाल्याशिवाय घरातल्या कुंडीत घालू नका, अर्धं कच्चं खत मुळं जाळतं आणि चिलटं आणतं. चहाचा चोथा आणि दूध घालणारेही भेटतात. ते मातीत आंबतं, बुरशी येते, कृपा करून घालू नका.

होया आणि मोत्यांची माळ यांना वरचे नियम जसेच्या तसे लावू नका. होयाची पानं जाड, मेणचट असतात, ती पाणी साठवतात. माती बरीच सुकल्यावरच पाणी. तिला मनी प्लांटपेक्षा जास्त उजेड लागतो आणि थोड्या तंग कुंडीत ती खूश असते. फुलं गळून गेल्यावर जी छोटी दांडी उरते ती तोडू नका, पुढच्या वर्षी त्याच दांडीवर पुन्हा फुलं येतात. होयाच्या कोवळ्या लांब, पानं नसलेल्या शेंड्याही कापू नका, पानं मागून येतात.

मोत्यांची माळ दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागातली. तिचे मणी म्हणजे पाण्याच्या टाक्याच. तिलाही कुंडीच्या तोंडावर उजेड हवा, मनी प्लांटपेक्षाही जास्त, नाहीतर ती वरूनच कुजते. छताजवळ टांगलीत तर एक पावसाळा काढणार नाही. पूर्वेच्या खिडकीच्या ओट्यावर, उथळ कुंडीत, निम्मी रेती असलेल्या मिश्रणात ठेवा, आणि मणी किंचित सुरकुतले की मगच पाणी. पावसाळ्यात तर मी तीन-तीन आठवडे पाणी घालत नाही. हीसुद्धा पोटात जाऊ नये अशी आहे, आणि मणी लहान मुलाला खाऊसारखे दिसतात, तेव्हा ती बाळाच्या हाताला लागेल अशा जागी अजिबात नको.

कुंडी खाली उतरवलीच आहे तर पानांच्या मागे आणि देठांच्या बेचक्यात बघून घ्या. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढा, मग आठवड्याच्या अंतरानं तीनदा लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन-चार थेंब साबण घालून फवारा. पानावर बारीक फिके ठिपके आणि मागे जाळं दिसलं तर लाल कोळी, तो कोरड्या उन्हाळ्यात येतो. पानं दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्यानं पुसत राहिलात तर सहसा येतच नाही. आपल्याकडे धूळ फार, आणि धूळ बसलेल्या पानाला उजेडही कमी मिळतो.

हे सगळं या आठवड्यात केलंत तर पहिले दहा-पंधरा दिवस काहीच दिसणार नाही, उलट एक-दोन पानं आणखी पिवळी पडतील. ती आधीच्या कुजलेल्या मुळांची देणी आहेत, घाबरून पाणी वाढवू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छाटलेल्या गाठीशी फिकट हिरवं टोक दिसेल. कुंडी पंधरा दिवसांनी पाव वळसा फिरवत जा, म्हणजे भिंतीकडची बाजू उघडी राहणार नाही. गणपतीत बाटलीतले तुकडे मातीत लावायला तयार होतील. त्यांतला एक सासूबाईंच्या खोलीतल्या खिडकीत, बाटलीतच राहू द्या, आणि त्याला वर चढायला एक सुतळी बांधून द्या.